हातचं न राखता



आजचं वाचन गीतेच्या अठराव्या अध्यायातलं, श्लोक सात ते नऊ. तीनच श्लोक, आणि त्यांत त्यागाचे तीन प्रकार. मोहापोटी, न समजता आपलं कर्तव्यच टाकून दिलं तर तो तामस त्याग. अंगाला त्रास होतो म्हणून सोडलं तर राजस. आणि काम करत राहायचं, पण त्यातली आसक्ती आणि फळावरचा हक्क सोडायचा, तो सात्त्विक.

हे श्लोक दरवर्षी वाचनात येतात आणि मी दरवर्षी मान डोलावून पुढे जातो. या वेळी मात्र अडकलो. कारण या तिन्ही प्रकारांत सोडणारा माणूस स्वतः सोडतो. आपल्या रोजच्या जगण्यात तसं कुठे होतं? बऱ्याचदा आपण काही सोडत नाही, आपल्याकडून काढून घेतलं जातं. टीम जाते, पद जातं, तब्येत जाते. मग तिथे त्यागाला काही जागा आहे का? की आधीच गेलेल्या गोष्टीला "मी सोडली" म्हणणं ही नुसती मनाची समजूत?

हा प्रश्न मला का पडला ते आधी सांगतो. सांगायला लाज वाटते, पण इथे खोटं लिहायचं नाही असं पहिल्या दिवशीच ठरवलंय.

मी ज्या सिस्टिमवर आठ वर्षं काम केलं, ती यंदा एका ज्युनियर मुलीकडे गेली. कुणी अन्याय केला असं नाही. मला दुसरं काम मिळालं, पगार तोच राहिला. मुलगी हुशार आहे, आणि मॅनेजरने विचारलं तेव्हा "ती करेल छान" असं मीच म्हणालो होतो. महिनाभर केटी झाली. आयटीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, केटी म्हणजे काम दुसऱ्याच्या हाती देताना आपल्या डोक्यात आहे ते सगळं त्याला समजावून द्यायचं. मी चाळीस पानांचं डॉक्युमेंट लिहिलं. सगळ्यांनी कौतुक केलं.

त्या चाळीस पानांत एक गोष्ट नव्हती. महिन्याच्या शेवटच्या रात्री हिशेब जुळवणारा एक जॉब कधीकधी मध्येच अडकतो. लॉगमध्ये जो एरर दिसतो तो भलत्याच ठिकाणी बोट दाखवतो. खरं कारण एक जुनी लॉक फाइल असते. ती विशिष्ट क्रमाने काढली की चार मिनिटांत सगळं सुरळीत होतं. हे मला माहीत होतं, कारण तो जुगाड माझाच. लिहायला विसरलो असं म्हणायला मला आवडेल. पण मी विसरलो नव्हतो. त्या पानावर कर्सर ठेवून मी मिनिटभर थांबलो होतो आणि मग पुढच्या मुद्द्याकडे गेलो होतो.

गेल्या महिनाअखेरीला रात्री पावणेदोनला तिचा फोन आला. मी जागा होतो. स्क्रीनवर तिचं नाव बघत राहिलो आणि रिंग संपू दिली. वीस मिनिटांनी, आत्ता उठल्यासारखा आवाज काढून मीच फोन केला. चार मिनिटांत जॉब चालू करून दिला. ती म्हणाली, "दादा, तुमच्याशिवाय अवघड आहे हो." ते वाक्य उशाशी घेऊन मी मस्त झोपलो.

सकाळी आंघोळ करून वाचायला बसलो तर पुढे हे तीन श्लोक.

तेव्हा मला एक माणूस आठवला. त्याचा आपल्या देवाधर्माशी काही संबंध नाही, आणि तुमच्यातल्या बहुतेकांनी त्याचं नाव ऐकलं नसेल. टोनी रोमो. अमेरिकन फुटबॉलमधला माजी क्वार्टरबॅक, आणि आता टीव्हीवरचा समालोचक.

२०१६ मध्ये मी ऑनसाइट होतो, टेक्सासमध्ये, डॅलसला लागून असलेल्या अर्व्हिंगला. तिथल्या व्हॅली रँच भागात आपली देशी मंडळी भरपूर. डॅलस काऊबॉईज या संघाचं मुख्यालयही अनेक वर्षं तिथेच होतं, त्याच वर्षी ते फ्रिस्कोला हललं. त्या गावात राहून काऊबॉईजपासून लांब राहणं म्हणजे आषाढात पंढरपुरात राहून वारी न दिसण्यासारखं. ऑफिसात सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी दुसरा विषयच नसे. त्यामुळे खेळ थोडाफार कळायला लागला.

क्वार्टरबॅक म्हणजे काय ते दोन ओळींत सांगतो, कारण पुढचं त्यावर उभं आहे. हा लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा खेळ. एका वेळी एका संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात आणि चढाई करणाऱ्या संघाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होते. चेंडू कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा, की स्वतः पळायचं, हे त्याने ठरवायचं. त्याच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो आणि त्यातून प्रशिक्षक चाल सांगतो. पण चाल सुरू करायला पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. नियमच आहे तसा. त्यानंतर जे करायचं ते एकट्याने. मला हे फार आवडलं होतं. अठरा अध्याय सांगून झाल्यावर कृष्णसुद्धा निर्णय अर्जुनावरच सोडतो, तसंच काहीसं.

रोमो १९८० चा. विस्कॉन्सिन राज्यातल्या बर्लिंग्टन या छोट्या गावात वाढला. ईस्टर्न इलिनॉय विद्यापीठाकडून खेळला, हेही काही फुटबॉलसाठी नावाजलेलं मोठं विद्यापीठ नव्हे. दरवर्षी ड्राफ्टमध्ये अमेरिकेतले व्यावसायिक संघ सात फेऱ्यांत अडीचशेवर खेळाडू निवडतात. २००३ मध्ये त्यांत रोमोचं नाव एकाही संघाने घेतलं नाही. नंतर काऊबॉईजने त्याला असंच, निवडीबाहेरून घेतलं. साडेतीन वर्षं तो बाकावर होता.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला जागा मिळाली ती ड्र्यू ब्लेडसो या बुजुर्गाला बसवून. ब्लेडसो १९९३ च्या निवडीत पहिल्याच क्रमांकावर घेतलेला, मोठ्या नावाचा खेळाडू. आणि त्याच्यावर ही वेळ दुसऱ्यांदा आली होती. २००१ मध्ये न्यू इंग्लंडकडून खेळताना त्याला जबर मार लागला आणि त्याच्या जागी एक कोवळा पोरगा उतरला. त्या पोराचं नाव टॉम ब्रेडी. पुढे तो सात सुपर बोल जिंकला. म्हणजे रोमो ज्या खुर्चीवर बसला, ती कुणाकडून तरी काढून घेतलेलीच होती. हा मुद्दा लक्षात ठेवा.

पहिल्याच मोसमात रोमो हिरो झाला आणि त्याच मोसमाच्या शेवटी खलनायकही. ६ जानेवारी २००७, सिएटल, बाद फेरीचा सामना. काऊबॉईज एका गुणाने मागे. सव्वा मिनिट उरलेलं. अगदी जवळून, १९ यार्डांवरून, किक मारायची. ती बसली की आघाडी. किक मारणाऱ्यासाठी चेंडू जमिनीवर टेकवून धरायचं काम रोमोकडे होतं. चेंडू त्याच्या हातातून निसटला. तो उचलून जिवाच्या आकांताने पळाला, पण रेषेच्या अलीकडेच पाडला गेला. २१-२० ने पराभव. पुढची दहा वर्षं त्याने काहीही केलं तरी लोकांना तो निसटलेला चेंडू आठवायचा. निवृत्त झाला तेव्हा ३४,१८३ यार्ड आणि २४८ टचडाउन पास, दोन्ही काऊबॉईजच्या इतिहासात सर्वांत जास्त. पण बाद फेरीतले विजय फक्त दोन. सुपर बोलपर्यंत तो एकदाही पोचला नाही.

२०१५ मध्ये खांद्याजवळचं हाड एकाच मोसमात दोनदा मोडलं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मोसमाआधीचा सराव सामना होता, पुन्हा सिएटललाच, आणि तिसऱ्याच चालीवर मागून धक्का बसून त्याच्या पाठीच्या मणक्याला इजा झाली. त्याच्या जागी आला डॅक प्रेस्कॉट. नवखा, चौथ्या फेरीत निवडलेला, १३५ वा. हा पोरगा पहिला सामना हरला आणि मग जिंकतच सुटला. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सलग आठ विजय. तोवर रोमो बरा झाला होता. सगळ्या डॅलसमध्ये एकच प्रश्न: आता खुर्ची कुणाची?

१५ नोव्हेंबरला रोमो पत्रकारांपुढे आला. हातात कागद होता. पाच-सहा मिनिटं वाचून दाखवलं आणि प्रश्न न घेता निघून गेला. त्यातला आशय असा: डॅकने ही जागा स्वतःच्या कर्तृत्वाने मिळवली आहे. या खेळात कुणाला काही बहाल होत नाही, रोज कमवावं लागतं. माझ्यामुळे त्याच्यावर किंवा संघावर सावली पडावी असं मला वाटत नाही. तरुणपणी संधीची वाट बघत असताना कसं वाटतं ते मला आठवतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याने दुखतंय हे लपवलं नाही. गेले काही आठवडे फार अंधारातले होते, आणि खेळायची आग विझलेली नाही, उलट आता जास्तच आहे, असं त्याने स्वच्छ सांगितलं.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. ऑफिसात कुणीतरी तो व्हिडिओ लावला, दोघं-तिघं अमेरिकन सहकारी गप्प झाले. मी मनात म्हणालो, बरा ड्रामा आहे. जागा तर गेलीच होती, आता उदारपणा दाखवायला काय जातंय? मी तेव्हा डॅकच्या बाजूचा होतो. सिनियर लोकांनी वेळेवर बाजूला व्हावं असं माझं ठाम मत होतं. आता छत्तीशी ओलांडल्यावर ते मत आपोआप थोडं मऊ झालंय!

पण तो आक्षेप मऊ करून चालणार नाही. आजचा प्रश्न तोच आहे. संघ आठ सामने जिंकलाय, प्रशिक्षक त्या पोराला काढणार नाही हे शेंबडं पोरही सांगेल. मग रोमोने सोडलं काय?

मी यावर बरेच दिवस विचार करतोय. मला असं वाटतं की खुर्ची आणि खुर्चीवरचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुर्ची दुसरा काढून घेऊ शकतो. हक्क मात्र कुणालाच काढून घेता येत नाही, तो मनात असतो. खुर्ची जाऊन वीस वर्षं झाली तरी माणूस तो हक्क उराशी धरून बसतो. अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. लग्नकार्यात भेटतात, "मी होतो तेव्हा" पासून सुरुवात करतात. रोमोला त्या दिवशी गप्प बसता आलं असतं. नुसतं गप्प. डॅक एखादा सामना हरला असता की अर्ध्या गावाने रोमोच्या नावाने ओरडा केला असता, आणि त्याला बोटही उचलावं लागलं नसतं. ती वाट त्याने स्वतःच्या तोंडाने बंद केली. खुर्ची गेली होती, हे खरं. हक्क त्याने सोडला. गीतेतल्या त्या नवव्या श्लोकात सोडायला सांगितलंय ते नेमकं हेच ना? कर्म नाही, पदही नाही. त्याला चिकटलेलं आपलं मन आणि त्यातून मिळणाऱ्या फळावरचा दावा.

आणि म्हणूनच दुखतंय हे सांगणं आणि त्याग करणं यांत विरोध नाही. न दुखता सोडलं तरच तो त्याग, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. इच्छा जळून राख होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर आपल्यासारख्यांनी या जन्मी काही सोडायलाच नको.

१ जानेवारी २०१७ ला, साखळीतल्या शेवटच्या सामन्यात, त्याला थोडा वेळ मैदानात उतरवलं. निकालाला काही महत्त्व नव्हतं. त्याने एकच चढाई खेळली, टचडाउन करून दिलं आणि परत बाकावर येऊन बसला. काऊबॉईजसाठी त्याची तीच शेवटची खेळी. एप्रिलमध्ये निवृत्ती, आणि लगेच सीबीएस वाहिनीने जिम नँट्झ या मुरलेल्या निवेदकाशेजारी त्याला मुख्य विश्लेषक म्हणून बसवलं. समालोचनाचा अनुभव शून्य. आणि गंमत बघा, ती खुर्चीसुद्धा कुणाकडून तरी काढलेलीच. त्याआधी तिथे फिल सिम्स बसायचा, तोही जुना नामांकित क्वार्टरबॅक, आणि जवळजवळ वीस वर्षं तिथेच होता.

खेळाडूने निवृत्तीनंतर माइक हातात घेणं आपल्याला नवीन नाही, गावसकरांपासून आपण ऐकत आलोय. पण रोमोने पहिल्याच वर्षी जे केलं त्याने लोक चक्रावले. चाल सुरू होण्याआधीच तो सांगायचा की आता काय होणार. हा डावीकडे पळेल. चेंडू याच्याकडे जाईल. आणि तसंच व्हायचं. जानेवारी २०१९ मध्ये कॅन्सस सिटीला चीफ्स आणि पेट्रियट्सचा उपांत्य सामना जादा वेळेत गेला. त्या रात्री शेवटच्या चढाईत ब्रेडी काय करणार ते रोमो आधी सांगत होता आणि सगळी अमेरिका त्याला भविष्यवेत्ता म्हणायला लागली.

त्यात चमत्कार नव्हता. एक उदाहरण देतो. चाल सुरू होण्याआधी चढाई करणारा एखादा खेळाडू मैदानाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकतो. त्याच्यामागे बचावातला एक जण धावला तर समजायचं की माणसाला माणूस लावलाय. कुणी हललं नाही तर समजायचं की प्रत्येक जण आपापला भाग राखतोय. सगळ्यांत मागे उभे असलेले दोन बचावपटू किती लांब आहेत, एक पुढे सरकतोय का, त्यावरून चेंडू कुठे फेकता येईल ते कळतं. हे सगळं क्वार्टरबॅक काही सेकंदांत वाचतो. रोमोने ते चौदा वर्षं वाचलं होतं, कितीदा तरी चुकीचं वाचून मारही खाल्ला होता. फरक एवढाच, की आता तो ते स्वतःसाठी वाचत नव्हता. सोफ्यावर बसलेल्या माणसालाही दिसावं म्हणून मोठ्याने वाचत होता. त्याच्या आवाजात लहान पोरासारखा आनंद असायचा. स्वतः चेंडूला हात लावता येत नाही याचं वैषम्य मला त्यात कधी ऐकू आलं नाही.

मला यात संजय दिसतो. गीता आपल्यापर्यंत आली ती त्याच्यामुळे. युद्धात त्याची बाजू होती, माणसं ओळखीची होती, पण त्याच्या वाट्याला आलं होतं पाहणं आणि सांगणं. समोर ऐकणारा आंधळा राजा, ज्याला फक्त आपल्या मुलांच्या विजयाची बातमी हवी होती. संजयाने त्याला हवं ते सांगितलं नाही, दिसलं ते सांगितलं. गीतेचा अगदी शेवटचा श्लोक बघा. भीष्म पडले होते, पण युद्ध अजून संपलेलं नव्हतं, आणि हा माणूस धृतराष्ट्राच्या तोंडावर सांगतो की विजय कुठल्या बाजूला आहे. जे दिसलं त्यातलं काही राखून ठेवलं नाही. आणि दुर्योधन गेल्यावर व्यासांनी दिलेली ती दिव्य दृष्टीही गेली. संजय त्यासाठी रडत बसला नाही.

आता तुम्ही म्हणाल, दादा, जरा जास्तच होतंय. संजयाला काय वर्षाला कोट्यवधी डॉलर मिळत होते? बरोबर आहे. २०२० मध्ये रोमोने नवा करार केला तो वर्षाला सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरचा, अशा बातम्या होत्या. खेळताना कोणत्याही एका वर्षात बहुतेकांना मिळत नाहीत एवढे पैसे बोलण्यासाठी. तो संन्यासी नाही आणि मला त्याला संत करायचं नाही. पुढच्या काही वर्षांत त्याच्यावर टीकाही झाली: फार बोलतो, तयारी कमी पडते, पूर्वीची मजा राहिली नाही. म्हणजे दुसरी खुर्चीही शेवटी खुर्चीच. तिलाही मन चिकटतं आणि ती सोडायची वेळही कधीतरी येणार. आता तर टॉम ब्रेडीसुद्धा २०२४ पासून फॉक्सवर समालोचन करतोय. त्याग एकदा करून फाइल बंद करता येत नाही. माणूस आहे तोवर पुन्हा पुन्हा करावा लागतो.

पण मला माझ्यापुरतं त्यातून एक मोजमाप मिळालं. आपण खरंच सोडलंय की नाही हे ओळखायचं कसं? "मी सोडलं" असं आपण म्हणतो त्यावरून काहीच कळत नाही. चेहऱ्यावरच्या शांतपणावरूनही नाही, मी तर केटीच्या महिनाभर अगदी शांत होतो. एकच बघायचं: जागा गेल्यावर जे ज्ञान आपल्याजवळ उरलं, त्याचं आपण काय करतोय? मोठ्याने वाचून दाखवतोय, की हातचं राखून ठेवतोय?

मी जे केलं त्याला मराठीत याहून नेमका शब्द नाही. हातचं राखलं. लहानपणी बेरजेत हातचा एक राखायचो तो पुढच्या घरात मिळवण्यासाठी. मी राखला तो माझ्यासाठी. कुणाला तरी मी लागावा, रात्री पावणेदोनला का होईना, यासाठी. खुर्ची मी हसतमुखाने दिली होती आणि तिची एक किल्ली खिशात ठेवली होती.

त्या दिवशी ऑफिसला गेल्यावर आधी डॉक्युमेंट उघडलं आणि एक्केचाळिसावं पान लिहिलं. एरर कसा फसवतो, लॉक फाइल कुठे असते, कुठल्या क्रमाने काढायची, सगळं. एवढं करून थांबावं असं फार वाटलं. "अगं, एक मुद्दा राहिला होता बघ" एवढं म्हणालो असतो तर संपलं असतं, वर पुन्हा कौतुक झालं असतं. पण तो रोमोचा कागद डोळ्यांसमोरून जाईना. त्याने निदान दुखतंय हे चारचौघांत सांगितलं होतं.

तिला कॅन्टीनमध्ये घेऊन गेलो आणि सांगितलं. "हे मला माहीत होतं. लिहायला विसरलो नव्हतो, लिहिलं नाही. आणि काल पहिल्यांदा फोन वाजला तेव्हा मी जागा होतो."

मला वाटलं होतं चिडेल, नाहीतर "अहो दादा, असू द्या" म्हणेल. ती काहीच बोलली नाही. चहा संपवला. मग म्हणाली, "तुम्हाला फोन करायच्या आधी मी दोन तास बघत होते. मला वाटलं माझ्याकडूनच काहीतरी फुटलंय. आईला उठवून म्हटलंसुद्धा, की मला हे काम झेपणार नाही बहुतेक."

हे माझ्या हिशेबात नव्हतंच. मी समजत होतो की मी स्वतःसाठी थोडासा मान राखून ठेवलाय, त्यात कुणाचं काय गेलं? तिचे दोन तास गेले आणि त्याहून मोठं म्हणजे स्वतःवरचा विश्वास गेला. आपण राखलेला हातचा नेहमी दुसऱ्याच्याच बेरजेतून कमी होतो, हे मला अभियांत्रिकीच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. ती आता मला विचारते, पण दोनदा तपासून घेते. ते योग्यच आहे. विश्वासही रोज कमवावा लागतो. आणि मलाही अजून त्या सिस्टिमचं नाव कुणी मीटिंगमध्ये घेतलं की आत कुठेतरी हलतं. महिन्याच्या शेवटच्या रात्री झोप जरा उशिरा लागते. पण या महिनाअखेरीला फोन वाजला नाही. सकाळी चॅटवर तिचा मेसेज होता: जॉब अडकला होता, पान ४१ बघून सोडवला. खाली अंगठा.

खरं सांगतो, वाचल्यावर पहिल्या क्षणी थोडं रितं वाटलं. मग बरं वाटलं. हा क्रम उलटा व्हायला किती वर्षं लागतील ते माउलींनाच ठाऊक.

आजच्यासाठी एक छोटा अभ्यास. आपल्याकडून गेलेली एखादी जागा आठवा. ऑफिसातली, घरातली, मित्रांमधली, कुठलीही. आणि स्वतःला विचारा, तिची कुठली किल्ली अजून माझ्या खिशात आहे? सापडली तर आज संध्याकाळच्या आत ज्याची त्याला देऊन टाका. न दुखता नाही जमलं तर दुखत दुखत द्या. चालतं.

उद्या दहाव्या श्लोकापासून पुढे.

राम कृष्ण हरी!